कुणाचा मान काढू?

देड्झा, ४ मार्च १९९५

वेडसन,

तुझं पत्र मिळालं. बावीस वर्षांनी. पाकिटावर 'प्राध्यापक' असं छापलेलं होतं, म्हणून आधी वाटलं चुकून माझ्याकडे आलं. पोस्टातल्या बाईनं विचारलंसुद्धा, "आजी, हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "ओळखीचे आहेत."

तर आता 'कालुलूची हंडी' पुन्हा छापायची ठरली आहे. बाहेरचे पाहुणे येणार, भाषणं होणार, आणि प्रस्तावना तू लिहिणार. तू! लाज नावाची वस्तू तुमच्या विद्यापीठात मिळत नसेल तर इकडून पाठवते. इकडेही फार शिल्लक नाही, पण तुझ्यापुरती निघेल.

पत्रासोबत तुझ्या भाषणाचं कात्रण पाठवलंस. मी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा हसण्यातच गेलं. 'घेवड्याची हंडी हे राष्ट्राचं रूप आहे.' अरे, घेवड्याची हंडी हे घेवड्याचं रूप आहे. तुला आईनं लहानपणी कमी वाढलं की काय, म्हणून प्रत्येक भांड्यात तुला काहीतरी भलतंच दिसतं?

मुळात ते पुस्तक अठ्ठावीस पानांचं. त्यातली निम्मी चित्रांची. दुसरीच्या पोरांसाठी लिहिलेलं, कारण त्या वर्षी माझ्या वर्गातली पोरं कुणाच्याही घरात ओदि न म्हणता घुसायला लागली होती. दाराशी उभं राहून 'ओदि' म्हणायचं, आतून 'ओदिनी' असं आलं की मगच पाय आत टाकायचा, एवढी साधी रीत त्यांना कळावी. म्हणून गोष्ट. कालुलू ससा घेवडा शिजवतो. हत्ती येतो, ओदि म्हणतो, आत जाऊन जेवतो. तरस येतं, ओदि म्हणतं, जेवतं. कासव येतं सगळ्यांत उशिरा, पण ओदि म्हणतं, म्हणून त्यालाही तळाचा घेवडा मिळतो. सिंह येतो तो नुसताच दारात उभा राहतो. तो सिंह आहे, त्यानं का म्हणून ओदि म्हणायचं? त्यानं म्हटलं नाही म्हणून आतून कुणी ये म्हटलं नाही. घेवडा संपेपर्यंत तो बाहेर बसून राहतो. संपली गोष्ट. गोष्ट सांगितल्यावर वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग सिंह काय जेवला?" एवढा समंजस प्रश्न तुझ्या खात्यातल्या एकाही माणसाला सुचला नाही.

आणि या अठ्ठावीस पानांवर तू सोळा पानं लिहिलीस. विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. तेव्हा तू झोम्ब्याला त्या खात्यात बसून लोकांची पुस्तकं हुंगत होतास. कुठे झगा गुडघ्याच्या वर गेलाय, कुठे कुणी देशाच्या थोरल्यांची टवाळी केलीय, हे शोधायचा पगार खात होतास. इन्स्पेक्टरनं ती सोळा पानं मला वाचून दाखवली. वाचताना त्या बिचाऱ्याला जांभया येत होत्या. हंडी म्हणजे देश. घेवडा म्हणजे देशाची संपत्ती. कालुलू म्हणजे सीमेपलीकडे पळून गेलेले. आणि सिंह म्हणजे कोण, ते लिहायची तुझी छाती झाली नाही, तिथे तू नुसती टिंबं काढलीस.

आता बावीस वर्षांनी भाषण करतोस ते काय? तीच हंडी, तोच देश, तेच पळून गेलेले. तेव्हा त्याला राजद्रोह म्हणालास, आता प्रतिकार म्हणतोस. एक शब्द बदललास आणि बाकीचं तसंच उतरवलंस. निबंध असाच लिहायचास तू शाळेत. फरक एवढाच की आता टिंबांच्या जागी नाव आहे, कारण थोरले खुर्चीवरून उतरले आणि आता कुणालाही काहीही म्हणता येतं. शौर्य स्वस्त झालंय, तेव्हा तूही थोडं घेतलंस.

पण सगळ्यात कहर तो 'आ'चा.

तू प्राध्यापक झालास, आपली भाषा विसरला असशील. नावाआधी 'आ' लावला की मान दिला. आ हत्ती, आ तरस, आ कासव. गोष्टीतल्या तरसालाही आपण नुसतं तरस म्हणत नाही, इतकी आपण सभ्य माणसं. आणि माझ्या पुस्तकात पान सहापासून पुढे सगळ्यांना 'आ' होता, एकट्या सिंहाला नव्हता. 'आ तरस म्हणाले, ओदि. आ कासव म्हणाले, ओदि. सिंह ओदि म्हणालाच नाही.' अकरा वेळा सिंह, अकराही वेळा नागडा. तुझ्या सोळा पानांतली सात पानं या एका अक्षरावर होती. त्या सात पानांपायी लामेकी चिदोथी, मिशनच्या छापखान्यातला खिळे जुळवणारा, तीन वर्षं आठ महिने आत बसला.

आता तू भाषणात म्हणतोस, लामेकीनं ते मुद्दाम केलं, 'एका अक्षराचं बंड' केलं. टाळ्या पडल्या म्हणे.

वेडसन, त्या छापखान्यातले खिळे विलायतेहून आलेले होते. विलायतेच्या भाषेला 'आ' कमी लागतात, म्हणून पेटीत कमी. आपल्या भाषेत दर तिसरं अक्षर तेच. एका वेळी आठ पानं जुळवायची म्हटलं की पाचव्या पानाला 'आ' संपायचे. मग लामेकी कुठून तरी काढायचा. शुभवर्तमान छापतानासुद्धा त्यानं दोन शिष्यांचा मान काढला होता, तेव्हा पाद्रीसाहेबांना त्यात बंड दिसलं नाही. खिळे कमी होते! एवढंच. हे मी तुला तेव्हाही सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस.

करारावर मी सही करणार नाही. कालुलूच्या अंगावरून एकदा तुझी गाडी गेली आहे, तेवढी पुरे.

एनेलेसी

ता. क. एस्मीच्या लग्नात तुला बोलावलं नव्हतं, याचा उल्लेख तू पत्राच्या शेवटी फार करुण केला आहेस. भाचीच्या लग्नात मामा न्खोस्वे म्हणून उभा राहतो, बहिणीच्या वतीनं बोलतो, हे मला माहीत आहे. तुझ्या जागी मी शेजारच्या सायकलवाल्याला उभं केलं. तो चांगला बोलला. सोळा पानं नाही लागली त्याला.


देड्झा, २६ मार्च १९९५

वेडसन,

सही करणार नाही म्हटलं तरी तू प्रस्तावना पाठवलीसच. बरं झालं. चुलीला कागद संपले होते. पण आधी वाचली, कारण वाचल्याशिवाय जाळणं हा तुमच्या खात्याचा शिरस्ता, माझा नाही.

कासवाचं उशिरा येणं म्हणजे 'ग्रामीण स्त्रीचा विलंबित सहभाग' हे मला नवीनच कळलं. कासव हळू चालतं, वेडसन. म्हणून उशिरा येतं. हल्ली जिथे तिथे कार्यशाळा भरतात, दोन दिवस फुकटचा चहा आणि तळलेली मांदासी, आणि प्रत्येक सशाच्या शेपटीखाली लोकशाही शोधायची. आमच्या शाळेतल्या नव्या मास्तरालाही नेलं होतं. परत आला तो वर्गात पोरांना विचारतो, तरसामध्ये तुम्हाला कोणता सामाजिक घटक दिसतो? पोरं म्हणाली, तरसामध्ये बकरी दिसते, परवा त्यानंच खाल्ली.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण तू तियामिकेलाही पत्र लिहिलंस.

तियामिके म्हणजे लामेकीची मुलगी. बाप नेला तेव्हा सहा वर्षांची होती, आता बस थांब्यावर मांदासी विकते. मंगळवारी दुपारी दाराशी "ओदि" ऐकू आलं. मी ओदिनी म्हटलं. ती आत आली, हाताला पीठ तसंच, कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या गाठीत तुझं पत्र बांधलेलं.

"मॅडम, तुमच्या भावानं पाठवलंय. इंग्रजीत आहे. थोडं वाचलं, पण सगळं कळेना."

"कुणाकडून वाचून घ्यायचंस ना."

"तुमच्या भावाचं आहे म्हणून तुमच्याकडे आले. बाबांचं नाव त्यात चार वेळा आहे. मोजलं मी."

मी वाचून दाखवलं. शाळेच्या वाचनालयाला लामेकीचं नाव देणार, तिच्या अंगणात शनिवारी कार्यक्रम करणार, पुस्तकाची पहिली प्रत तिच्या हातात देणार. कारण तिच्या बापानं जाणूनबुजून, परिणामांची पर्वा न करता, सिंहाचा मान उतरवला. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला.

"म्हणजे चूक नव्हती ती?"

"कसली चूक?"

"आई मरेपर्यंत म्हणायची, तुझ्या बापाचं छापखान्यात काहीतरी चुकलं आणि त्यानं आपलं वाटोळं केलं. शाळेत पोरं मला 'चुकीची पोर' म्हणायची. तुम्हाला नाही माहीत, तुम्ही तेव्हा बदलीवर न्सांजेला होतात." मग तिनं पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं. "मॅडम, तुमचंच पुस्तक ना ते. तुम्हाला तर माहीत असेल. त्यांनी मुद्दाम केलं?"

मी म्हटलं, "चहा घे."

तिनं चहा घेतला. जाताना चार मांदासी ठेवून गेली, नको म्हटलं तरी. दारात वळून म्हणाली, "तेव्हा मला सांगितलं असतं कुणी, तर मी त्या पोरांना ठोकलं असतं."

बघ, काय करून ठेवलंस. एका बाईला तू बाप परत दिलास आणि तोही खोटा. खिळे संपले म्हणून गेलेला माणूस तू वीर करून तिच्या अंगणात उभा करणार, आणि शेजारी स्वतः उभा राहणार. फोटोत दोघे. ज्यानं खड्डा खणला तोच वर फुलं घेऊन उभा, आणि लोक म्हणणार, बघा किती थोर माणूस!

प्रस्तावनेच्या तळटिपेत लिहिलंयस की पुस्तकाची मूळ मुद्रितं, लामेकीनं तपासायला पाठवलेली, तुझ्या पेटीत आहेत. तुझ्याकडे ती कशी आली ते मी विचारत नाही. खात्यानं जप्त केली असणार आणि तू घरी नेली असणार. ती मला पाठव. पुस्तक माझं आहे. कशाला हवीत, ते विचारू नकोस.

एनेलेसी


देड्झा, १८ एप्रिल १९९५

वेडसन,

मुद्रितं मिळाली. पान सहा मिळालं.

पान सहाच्या डाव्या समासात एक भोक आहे. चौकोनी, दोन बोटं लांब, एक बोट रुंद. उंदरानं कुरतडलेलं नाही. ब्लेडनं, पट्टी लावून कापलेलं. तू लहानपणी वर्तमानपत्रातले फुटबॉलवाले असेच पट्टी लावून कापायचास.

तीन दिवस ते पान टेबलावर पडलं आहे. आता लिहिते, आणि जे लिहिते ते वाचताना मान वर करू नकोस.

मी पहिल्या पत्रात सांगितलं, खिळे कमी होते. खरं आहे. लामेकी कुणाचा तरी मान काढायचा, तेही खरं. पण तो कधीच न विचारता काढत नसे. शिष्यांचा काढला तेव्हाही पाद्रीसाहेबांना विचारून काढला होता. माझ्या मुद्रितावर त्यानं समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मॅडम, आ पुरत नाहीत. कुणाचा मान काढू?' आणि त्याच्याखाली माझं अक्षर होतं. 'सिंहाचा. तो कुठे ओदि म्हणतो?'

हे लिहिताना मी हसले होते. वऱ्हांड्यात बसले होते, समोर वह्यांचा गठ्ठा होता, आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. मला चांगलं आठवतं.

आणखी एक. वर्गातली पोरं ओदि न म्हणता घुसायची, म्हणून मी गोष्ट लिहिली, असं मी सांगितलं. आपली पोरं कधी ओदि न म्हणता कुणाकडे गेली आहेत का रे? दोन वर्षांचं पोरसुद्धा बोबडं ओदि म्हणतं. घुसली होती ती पक्षाची पोरं, काठ्या घेऊन, चालू तासाला. ज्यांच्या आयांकडे पक्षाचं कार्ड नव्हतं, ती मुलं त्यांनी नावं घेऊन बाहेर काढली आणि दुपारभर उन्हात उभी केली. मी फळ्यापाशी उभी होते. हातात खडू होता. मी काही बोलले नाही. त्या आठवड्यात मी 'कालुलूची हंडी' लिहिली.

तर वेडसन, हंडीत देश होता. सिंह तोच होता, तुझ्या टिंबांतला. मी त्याला मुद्दाम दाराबाहेर बसवलं, मुद्दाम उपाशी ठेवलं, आणि अकरा वेळा त्याचा मान काढला. एकट्या तुला ते कळलं. बावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझा भाऊ गाढव आहे, त्याला सशाच्या गोष्टीत राजकारण दिसतं. गाढव तू नव्हतास. मला आयुष्यात एकच चांगला वाचक मिळाला आणि तो पोलिसांच्या पगारावर होता.

ते भोक बघितल्यावर उरलेलंही कळलं. माझं अक्षर तू पाहिलंस. ते ब्लेडनं काढलंस, आणि अहवालात लिहिलंस की जुळाऱ्यानं लेखिकेला न विचारता परस्पर केलं. मला फक्त न्सांजेच्या उकाड्यात बदली, आणि लामेकीला तीन वर्षं आठ महिने. तू माझा न्खोस्वे होतास ना! बहिणीच्या वतीनं बोलायचं असतं, ते बोललास. रीतीत कुठे चुकला नाहीस. आणि मी त्याच वर्षी तुझ्याशी बोलणं टाकलं आणि तू मुकाट्यानं टाकू दिलंस.

आभार मानीन असं वाटत असेल तर ते मनातून काढ. तू मला सोडवलंस ते दुसऱ्याला तिथे बसवून. ती सात पानं तू जीव ओतून लिहिलीस, इतकी चांगली की कुणाला माझी आठवणसुद्धा होऊ नये. माझा तिरस्कार कमी झालेला नाही. फक्त आता तो तुझ्या एकट्यापुरता उरला नाही.

कारण इन्स्पेक्टरनं मला विचारलं होतं. समोर पुस्तक ठेवून, पान सहावर बोट ठेवून. "बाई, हा आ कुणी काढला?" मी म्हटलं, "छापखान्यात काय चालतं ते मला माहीत नाही." एक वाक्य. तुझी सोळा पानं नसती तरी तेवढ्या एका वाक्यावर लामेकी गेला असता.

आणि लामेकीलाही हेच विचारलं असणार. रोज विचारलं असणार. त्याला सांगायला चार शब्द पुरले असते, मॅडमनी सांगितलं म्हणून काढला. तो बोलला नाही. बोलला असता तर मला नेलं असतं, आणि मला कुणी न्यायला आलं नाही.

सुटल्यावर तो माझ्याकडे आला होता, हे तुला ठाऊक नसेल. मी न्सांजेहून परत आले त्याच वर्षी. दाराशी ओदि म्हणाला. मी ओळखलंच नाही, इतका वाळला होता. डोळे गेले होते जवळजवळ, खिळे वाचणं संपलं होतं. मी मक्याचा न्सिमा केला, घेवडा वाढला. तो चाचपत जेवला. पुस्तकाचं नाव त्यानं काढलं नाही, मी काढलं नाही. हात धुताना एवढंच म्हणाला, "मॅडम, छापखान्यात नवे आ आलेत म्हणे. भरपूर."

मी म्हटलं, "हो का? बरं झालं."

त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. मी त्याच्या घरी एकदाही गेले नाही.

एनेलेसी


देड्झा, ३० एप्रिल १९९५

वेडसन,

तुझं उत्तर आलं. प्राध्यापक म्हणून लिहिलं नाहीस, एवढं बरं केलंस. पण लिहिलंस काय? 'ताई, जाऊ दे. तियामिके खूश आहे. आपण दोघं म्हातारे झालो. या खोट्यानं कुणाचं काय वाईट होतंय?'

माझ्याकडे कशाचाही अर्थ काढता येणारा एक भाऊ आहे, आणि त्याला एवढं कळू नये? लामेकी शूर होता हे खोटं नाही. कशात शूर होता, ते खोटं आहे. तू त्याला खिळे गाळून बंड करणारा केलास, कारण भाषणात ते शोभतं. तो गरीब माणूस सिंहाच्या भानगडीत पडलाच नव्हता. विचारून काम करायची त्याची सवय होती, त्यानं विचारलं, मी सांगितलं, त्यानं केलं. मग तीन वर्षं आठ महिने त्यानं एका मास्तरणीचं नाव तोंडात धरून ठेवलं. ते तू प्रस्तावनेत लिहीत नाहीस, कारण ते लिहिलं की त्या पानावर आपण दोघं येतो.

तियामिकेला 'चुकीची पोर' म्हणत होते. आता तू तिला बंडाची पोर म्हणायला लावणार. उद्या तुझ्यासारखाच कुणी शहाणा येईल आणि त्या हंडीत तिसरं काहीतरी शोधून काढील, मग ती आणखी कुणाची तरी पोर होईल. तिचा बाप कोण होता ते ठाऊक असलेली दोन माणसं जिवंत आहेत. त्यातली एक मी आहे आणि दुसरा पट्टी लावून कापतो.

तेव्हा ऐक. करारावर सही करीन. अट एक. नव्या पुस्तकात सिंहाला 'आ' लावायचा नाही. आता तुमच्या यंत्रात आ संपत नाहीत हे मला माहीत आहे, तरी लावायचा नाही. आणि तुझी प्रस्तावना काढून तिथे एवढंच छापायचं, की सिंहाचा मान लेखिकेनं काढायला सांगितला, जुळाऱ्याला हे ठाऊक होतं, आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही. खाली माझं नाव. समासातलं माझं अक्षर कुणी कापलं, हे तुला घालायचं असेल तर घाल. त्याचा निकाल मी देत नाही, मी खात्यात नव्हते.

छापून येईपर्यंत मी थांबणार नाही. तुमचं छापलेलं इंग्रजीत येणार, ते तिला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल आणि ते मला नको आहे. कार्यक्रमाच्या आधीच्या शनिवारी, म्हणजे तेरा तारखेला, मी तियामिकेकडे जाणार आहे. सिंह काय जेवला असं विचारणाऱ्या त्या मुलीनं वर्गात आणखी एक प्रश्न विचारला होता, तो मी तुला सांगितला नाही. "मॅडम, सिंह बाहेर बसलाय हे आतल्या सगळ्यांना माहीत होतं ना? मग ते जेवत कसे होते?" मी तिला खाली बस म्हटलं होतं.

पान सहावरून कापलेला तो कपटा अजून तुझ्या बायबलात आहे असं लिहितोस. जाळला का नाहीस, ते तुझं तुला माहीत. तो घेऊन ये. माझ्या शब्दापेक्षा तिच्या बापाचं अक्षर तिनं पाहिलेलं बरं. 'कुणाचा मान काढू?' हे त्याच्या हातचं एवढंच उरलं असेल जगात.

झोम्ब्याहून सकाळची बस धर. कोट घालू नकोस. पाहुणे आणू नकोस, फोटोवाला आणू नकोस. माझ्या वतीनं बोलायचं नाही, तू माझ्या वतीनं पुष्कळ बोललास. बस थांब्यापासून डावीकडे तिसरं घर, पुढे मांदासी तळायची चूल आहे. दोघांनी अंगणाच्या कडेला उभं राहायचं, ओदि म्हणायचं आणि थांबायचं. आतून ओदिनी आलं तर आत जायचं. नाही आलं तर तिथेच खाली बसायचं, आत घेवडा संपेपर्यंत.

एनेलेसी